मोटारसायकलवर परदेशी जायचंय? आधी आरसी तपासा: खानदेशातून निघणाऱ्यांसाठी कागदपत्रं, तब्येत आणि विमा

पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखरा किंवा भूतान असं ठरवून जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारहून मोटारसायकलवर निघणारे आता बरेच आहेत. तयारी जवळपास सगळ्यांची एकाच उलट क्रमाने होते. आधी कॅरिअर, पॅनिअर (गाडीच्या बाजूच्या पेट्या), रेनसूट. मग रजा. मग हॉटेल. कागदपत्रं शेवटच्या आठवड्यात, आणि विमा आदल्या रात्री मोबाईलवर. मग कुणाचं नेपाळ सीमेवरच्या सोनौलीच्या नाक्यावर घोडं अडतं, तर कुणाचं अपघातानंतर परदेशातल्या हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीवर.

हे कागद एकमेकांना बांधलेले आहेत. आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं, नाव चुकलं की पॉलिसी चुकते, आणि पॉलिसी चुकली की क्लेम अडकतो. म्हणून कामाची सुरुवात आरसीपासून करायची, व्हिसापासून नाही. निघण्याच्या किमान तीन महिने आधी. आरसीत दुरुस्ती निघाली तर चार महिनेही कमी पडतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पाचवा टप्पा, म्हणजे तब्येतीचा, तेवढा पहिल्याच दिवशी बाकीच्या कामांच्या जोडीने सुरू करायचा, कारण लसींना वेळ लागतो.

टप्पा १: गाडी कागदावर कुणाची आहे?

आपल्याकडे गाडी चालवतो मुलगा आणि आरसीवर नाव वडिलांचं, हे घरोघरी आहे. गावात याने काही बिघडत नाही. सीमेवर बिघडतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं, आणि ते इंग्रजीत हवं. त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, चालवणाऱ्याचा पासपोर्ट नंबर, देश आणि तारखा, सगळं यायला हवं. सोबत मालकाच्या ओळखपत्राची प्रत.

पण माझं मत स्पष्ट आहे: वेळ असेल तर गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या. संमतीपत्राने नाका पार होईल, विम्याचा प्रश्न मात्र तसाच राहील. पॉलिसीत जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो ‘ओनर-ड्रायव्हर’चा असतो, म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याचा. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा चालवत असताना अपघात झाला तर त्या १५ लाखांवर मुलाचा हक्क लागत नाही.

सुरतेत कामाला असताना घेतलेल्या जीजे-०५ पासिंगच्या गाड्या नंदुरबार, दोंडाईचा, शिरपूर भागात सर्रास फिरतात. रावेर, यावलकडे मध्य प्रदेशच्या नंबरच्या गाड्याही तशाच. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर ती इथे नोंदवून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ लागतो, आणि मालक बदलत असेल तर फॉर्म २९ व ३०. यात हेलपाटे होतात. परदेशवारीच्या आधी हे काम काढलं असेल तर तारीख पुढे ढकला, काम अर्धवट ठेवून निघू नका.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा दिसतो. हप्ते चालू असतील तर गाडी देशाबाहेर नेण्यास हरकत नाही असं त्यांचं पत्र लेटरहेडवर घ्या. कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवून घ्या: बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. कर्ज कधीच फिटलंय आणि आरसीवर बोजा अजून तसाच, अशा गाड्या ढीगभर सापडतील.

*तपासणी: चेसिस नंबर.* एखाद्या सकाळी उजेडात गाडी उभी करा. हँडलच्या मानेजवळ चेसिस नंबर कोरलेला असतो. त्यावर धूळ आणि ग्रीसचा थर बसलेला असतो. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून तो पुसा, पातळ कागद धरून वरून पेन्सिल फिरवा. उमटलेला एकेक आकडा आरसीशी आणि पॉलिसीशी ताडून पाहा. इंजिन नंबरचंही तेच. शून्याच्या जागी ‘ओ’, आठाच्या जागी ‘बी’ अशी चूक पॉलिसीत असते आणि ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

टप्पा २: तुमचं नाव सगळीकडे एकच आहे का?

शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आरसीवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. शिवाय इंग्रजी स्पेलिंग: चौधरी कुठे ‘एयू’ने तर कुठे ‘ओयू’ने, सोनवणे कुठे ‘डब्ल्यू’ने तर कुठे ‘व्ही’ने. पाटील आडनावाच्या माणसाला तर वडिलांचं नाव पूर्ण असणं फारच गरजेचं, कारण त्याच नावाचे दोघे-तिघे त्याच तालुक्यात निघतात.

एका कागदावर पासपोर्ट, वाहन परवाना, आरसी, गाडीची पॉलिसी आणि निवडणूक ओळखपत्र यांवरची नावं एकाखाली एक, अक्षर न् अक्षर जशीच्या तशी उतरवा. पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. नावांचा क्रम मागेपुढे असेल तर चालून जातं. स्पेलिंग वेगळं असेल तर दुरुस्ती करा. पॉलिसीतली दुरुस्ती एजंटकडून एन्डॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या बदलाच्या नोंदीने, लवकर होते, आरसी आणि परवान्यातली आरटीओतून.

पासपोर्ट नसेल तर आत्ताच अर्ज टाका. ३६ पानी साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, ६० पानी २,००० रुपयांत. पुढे आणखी देश करायचे असतील तर ६० पानीच घ्या. असलेला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू हवा.

*सावध:* नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ओळख म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र धरलं जातं. ‘आधार आहे ना’ या भरवशावर जाऊ नका.

टप्पा ३: परवाना आणि गाडीची परवानगी

परवान्यावर गिअरवाल्या मोटारसायकलचा वर्ग आहे का ते बघा. फक्त चारचाकीचा परवाना काढून वर्षानुवर्षं बुलेट फिरवणारे आहेत. तसा परवाना असेल तर दुचाकीचा वर्ग चढवून घ्या, मगच पुढचं.

नेपाळ-भूतानमध्ये भारतीय परवाना चालतो. त्यापलीकडे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, ज्याला सगळे आयडीपी म्हणतात. तो आपल्याच आरटीओतून मिळतो (एमएच-१८ धुळे, एमएच-१९ जळगाव, एमएच-३९ नंदुरबार). फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा मूळ परवाना संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. हातात आला की तिथेच उघडून मोटारसायकलच्या ‘ए’ वर्गावर शिक्का आहे का ते पाहा. आणि मूळ परवाना घरी ठेवून फक्त आयडीपी नेला तर त्याला काही अर्थ नाही, दोन्ही सोबत हवेत.

इथेच मोठा घोळ होतो. भारताचा आयडीपी १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आहे. जो देश फक्त १९६८ चा व्हिएन्ना करार मानतो तिथे तो चालत नाही, आणि त्याचं आपल्या लोकांना लागू पडणारं उदाहरण म्हणजे व्हिएतनाम. तिथे विमानाने जाऊन भाड्याची गाडी घेऊन हिंडणारे भारतीय पुष्कळ. भाड्याने देणारा परवाना विचारतही नाही, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते: त्या देशात मान्य असलेला परवाना होता का? थायलंडमध्ये आपला आयडीपी चालतो. चीनमध्ये कुठलाच आयडीपी चालत नाही. श्रीलंकेत आयडीपीसोबत तिथलं मान्यतापत्रही घ्यावं लागतं.

आता गाडीची परवानगी. नेपाळमध्ये शिरताना नाक्यावर कस्टमची पावती फाडावी लागते, तिला तिथे भंसार म्हणतात. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे. भारतीय नंबरची गाडी वर्षात एकूण ३० दिवसच तिथे राहू शकते. दिवस मोजताना एक-दोन जास्तीचे धरा, कारण पावसात दरड कोसळून रस्ता बंद पडणं तिकडे नेहमीचं. भूतानसाठी प्रवाशाचा परवाना वेगळा आणि गाडीचा वेगळा. शिवाय भारतीयांना दर रात्रीचं १,२०० रुपये शुल्क आहे, ते खर्चात आधीच धरा.

गाडी जहाजाने पाठवून आखात, इराण, आफ्रिका असा बेत असेल तर ‘कार्ने’ लागतं. हा गाडीचा पासपोर्टच: गाडी तात्पुरती नेतोय, विकणार नाही, याची हमी. ऑटोमोबाईल असोसिएशनमार्फत मिळतं, मुदत एक वर्ष, आणि त्यासाठी बँक हमी द्यावी लागते. हमीची रक्कम गाडीची किंमत आणि देश यांवर ठरते आणि ती जड असते. मुंबईला खेटे घालायच्या आधी आपल्या बँकेत हमीबद्दल विचारून या.

टप्पा ४: गाडीचा विमा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून सावकाश वाचा.

पहिला गैरसमज: ‘गाडीला पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे.’ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा, घ्यावा लागतो. त्याबरोबर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षापासून तो भरलाच नसेल तर तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी उरलेला आहे. गाडी दरीत गेली, चोरीला गेली, तर हातात काही येणार नाही. पॉलिसी उघडा आणि दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या वाचा.

दुसरा गैरसमज: ‘नेपाळ म्हणजे आपलंच.’ पॉलिसीसाठी तसं नाही. साधी मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीत चालते. ती बाहेर न्यायची तर भौगोलिक हद्द वाढवून घ्यावी लागते. विम्याच्या भाषेत हे एन्डॉर्समेंट आयएमटी-१. यात बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे सहाच देश येतात. मोटार टॅरिफमध्ये त्याचा जादा हप्ता पॅकेज पॉलिसीला (थर्ड पार्टी आणि स्वतःचं नुकसान असे दोन्ही भाग असलेली) ५०० रुपये आणि फक्त थर्ड पार्टीला १०० रुपये असा दिलेला आहे, मुदत जास्तीत जास्त बारा महिने. एवढ्या थोडक्या पैशांसाठी लोक लाखाची गाडी उघड्यावर नेतात.

क्रम असा:

१. आधी टप्पा १ आणि २ मधली नाव आणि नंबरची दुरुस्ती पॉलिसीत करून घ्या.

२. नुकसानीचा भाग संपला असेल तर चालू करा.

३. मग हद्दवाढीचा अर्ज लेखी द्या, देशांची नावं लिहून. एजंटला ही तरतूद माहीत नसली तर थेट शाखेत जा.

४. एन्डॉर्समेंटचा छापील कागद हातात घ्या. ‘सिस्टीममध्ये टाकलंय’ यावर थांबू नका.

*सावध:* ही हद्दवाढ गाडी जहाजात किंवा विमानात असतानाच्या नुकसानीला लागू होत नाही. गाडी मालवाहतुकीने पाठवणार असाल तर त्या प्रवासाचा विमा वेगळा. सहा देशांच्या बाहेर तर आपली पॉलिसी पोहोचतच नाही, तिथला थर्ड पार्टी विमा त्या-त्या सीमेवर किंवा बंदरावर घ्यावा लागतो. नेपाळच्या नाक्यावर स्थानिक थर्ड पार्टी मागितला तर वाद न घालता तोही घ्या.

टप्पा ५: तब्येत

निघण्याआधी दोन-तीन महिने फॅमिली डॉक्टरकडे जा आणि जास्तीत जास्त किती उंचीवर जाणार आहात ते सांगा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर. गाडीवर माणूस ही उंची चालणाऱ्यापेक्षा कितीतरी लवकर गाठतो आणि शरीर मागे राहतं. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का हे डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधीच सांगा.

आपल्या भागासाठी एक तपासणी मी सगळ्यांच्या आधी ठेवतो: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, साक्री, चोपडा-यावलचा सातपुडा पट्टा इथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. ज्याला आजार नाही पण जो फक्त वाहक आहे, त्याला इथे आयुष्यभर काही त्रास होत नाही. तोच माणूस उंचीवर कमी प्राणवायूत गेला की त्याच्या प्लीहेला इजा होण्याचा धोका असतो: डाव्या बरगड्यांखाली एकाएकी तीव्र वेदना. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा तुमची कधी तपासणीच झाली नसेल, तर सरकारी दवाखान्यात करून घ्या. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीने खात्री होते. अहवालाची प्रत फाईलमध्ये ठेवा आणि बरोबरच्या गड्यांनाही सांगून ठेवा.

लसींमध्ये धनुर्वात, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांबद्दल विचारा. आडरस्त्यांवर कुत्री गाडीमागे धावतात, तेव्हा रेबीजची आधी घ्यायची लसही विचारा. तिचे डोस एकाहून जास्त असतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात जमत नाही. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या काही देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य ठराविक केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होऊन आयुष्यभर चालतं. त्या देशांतून हे प्रमाणपत्र नसताना भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.

रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजी चिठ्ठी घ्या. त्यावर औषधाचं मूळ नाव, डोस, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. इन्सुलिन इंजिनजवळच्या पॅनिअरमध्ये नको, अंगावरच्या बॅगेत ठेवा.

*सावध:* संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली औषधं परवानगीशिवाय नेणं गुन्हा आहे. इकडे खोकल्यावर मिळणाऱ्या काही सिरपमध्ये कोडीन असतं. आणि घरून निघताना आई किंवा वहिनी काळ्या मसाल्याची पुडी देतील, तिच्यात खसखस आहे का ते विचारा. खसखशीवरही तिथे बंदी आहे. पुडीतल्या चिमूटभर मसाल्यासाठी विमानतळावर अडकू नका.

टप्पा ६: तुमचा स्वतःचा विमा

घरची मेडिक्लेम पॉलिसी साधारणपणे भारतातल्या उपचारांपुरती असते. काठमांडूतलं बिल ती देणार नाही. म्हणून प्रवास विमा वेगळा घ्यायचा, आणि तो भारतातून निघण्याआधीच.

स्वस्त पॉलिसी निवडायची आणि मग अटी वाचायच्या, असं करू नका. आधी कंपनीला ई-मेल करा आणि उत्तर लेखी मागा. विचारायचं एवढं: स्वतः मोटारसायकल चालवताना झालेला अपघात यात बसतो का, की ‘साहसी खेळ’ म्हणून वगळला आहे? इंजिनाच्या सीसीवर मर्यादा आहे का? मागे बसलेल्याचं काय? किती उंचीपर्यंत चालतं, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च मिळतो का? उपचार पुरे झाल्यावर भारतात आणण्याचा आणि मृत्यू झाल्यास पार्थिव घरी पोहोचवण्याचा खर्च किती? शेवटचा प्रश्न घरात बोलायला जड जातो. तरी विचारा, नाहीतर तो भार गावाकडच्या माणसांवर येतो.

मधुमेह, रक्तदाब, जुनं ऑपरेशन, यातलं काही लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेला आजार क्लेम फेटाळायला पुरतो. हेल्मेट नसणं, दारू, त्या देशात न चालणारा परवाना, ही कारणंही तशीच. मुदत परतीच्या तारखेपेक्षा चार-पाच दिवस पुढची घ्या. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो आकडा पॉलिसीवर छापलेला हवा.

काही झालंच तर प्रकृती स्थिर होताच, बिल भरण्याआधी, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. पोलीस नोंद, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक पावती मूळ स्वरूपात जपा. कॅशलेस मिळेलच असं नाही, म्हणून कार्डावर मोकळी मर्यादा ठेवा.

टप्पा ७: फाईल

डिजिलॉकर आपल्या हद्दीत चालतं, बाहेर मूळ कागद लागतो. आरसी आणि परवाना कार्डाच्या रूपात हवेत. आरसीचं कार्ड हरवलं असेल तर दुय्यम प्रत काढून घ्या.

मूळ कागद जलरोधक पिशवीत, अंगावर. रंगीत प्रतींचा एक संच गाडीत, एक बरोबरच्या गड्याकडे, एक घरी. स्कॅन मोबाईलमध्ये इंटरनेटशिवाय उघडतील असे ठेवा. खिशात एक कार्ड: रक्तगट, ॲलर्जी, घरचा फोन, विम्याचा मदत क्रमांक. गाडीवर मागे ‘आयएनडी’ अक्षरांचा अंडाकृती स्टिकर लावा, ती भारताची आंतरराष्ट्रीय वाहन खूण आहे. भाड्याने गाडी घेताना डिपॉझिट म्हणून पासपोर्ट कधीच देऊ नका. पैसे द्या किंवा दुसरा दुकानदार बघा.

टप्पा ८: नाक्यावर आणि परतताना

सीमेवर सकाळी पोहोचा. इथून निघून तिसऱ्या दिवशी रात्री थकून नाका गाठला की माणूस पावती न वाचताच खिशात घालतो. गाडीचा नंबर, तारीख, दिवस, तिथेच उभं राहून वाचा. मुक्काम वाढणार असेल तर मुदत संपायच्या आधी वाढवून घ्या. आत एका नाक्याने आणि बाहेर दुसऱ्या नाक्याने निघणार असाल, समजा सोनौलीतून आत आणि रक्सौलकडून बाहेर, तर निघतानाच्या नाक्यावर पावती दाखवून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या.

कार्नेवर गेलेल्यांचं काम घरी पोहोचल्यावरही संपत नाही. प्रत्येक देशात आत जाताना एक आणि बाहेर पडताना एक असे दोन शिक्के पडलेले हवेत. एक जरी राहिला तरी त्या देशाकडून कराची मागणी महिन्यांनी येऊ शकते. भारतात गाडी परत आल्याची कस्टमची नोंद घ्या, पूर्ण कार्ने असोसिएशनला जमा करा आणि बँक हमी मोकळी झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा चालू ठेवा.